विसर्जित संघाचा इतिहास कोणी लिहावा?

एखादी संस्था मिटली की तिच्यामागे सहसा दोन प्रकारचे लेखन उरते. पहिला प्रकार तक्त्याचा : स्थापना अमुक साली, विजेतेपदे इतकी, विसर्जन तमुक साली. दुसरा प्रकार हळहळीचा : ते दिवस गेले, ते खेळाडू गेले, आता तसे काही राहिले नाही. दोन्ही प्रकार आपापल्या जागी खरे असतात. परंतु त्यांपैकी एकालाही इतिहास म्हणता येत नाही. तक्ता काय घडले ते सांगतो, पण का घडले ते सांगत नाही. हळहळ सांगणाऱ्याच्या मनाविषयी पुष्कळ बोलते, पण संस्थेविषयी फारच थोडे. आपल्या उपनगरांशी ज्याचे नाते होते आणि जो २०१० साली कायमचा मैदानाबाहेर गेला, त्या महिंद्रा युनायटेड ह्या फुटबॉल संघाची स्मृती आज नेमकी ह्या दोन प्रकारांत अडकून पडली आहे. तिचे परीक्षण करावे, हा ह्या लेखाचा हेतू.

वाङ्‌मयीन त्रैमासिकात फुटबॉलचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. मराठीत क्रिकेटवर विपुल लेखन झाले आहे. व्यक्तिचित्रे, दौऱ्यांची वर्णने, आत्मचरित्रांची भाषांतरे ह्यांनी ग्रंथालयांचे कप्पे भरले आहेत. फुटबॉलवर लिहिणारे हात मात्र थोडे. आता ज्या समाजाने मुंबईच्या फुटबॉलला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू, पंच, प्रशिक्षक आणि प्रेक्षक पुरविले, त्या समाजात आपल्या वाचकांची कुटुंबे येतात. मराठी साहित्यात हा खेळ नाही, ह्याचा अर्थ त्या साहित्यात आपल्या जगण्याचा एक मोठा तुकडा नाही. ही उणीव केवळ क्रीडारसिकांची राहत नाही. ती वाङ्‌मयाचीही उणीव ठरते.

प्रथम तक्ता पाहू, कारण त्यातील प्रत्येक नोंद कष्टाने मिळविलेली आहे. महिंद्र आणि महिंद्र ह्या उद्योगसमूहाचा संघ १९६२ साली उभा राहिला. पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या काळात त्याने महिंद्रा युनायटेड हे नाव धारण केले. ड्युरँड चषक त्याने १९९८, २००१ आणि २००८ असा तीन वेळा जिंकला. ही स्पर्धा १८८८ साली सिमल्याला सुरू झालेली, देशातील सर्वांत जुनी. फेडरेशन चषक २००३ आणि २००५ साली, आय. एफ. ए. शील्ड २००६ आणि २००८ साली. आणि ह्या सर्वांच्या वर, २००५-०६ च्या हंगामातील राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद. १९९६ साली सुरू झालेल्या त्या लीगच्या अकरा हंगामांत पंजाब, बंगाल आणि गोवा ह्यांच्याबाहेर विजेतेपद गेले ते एकदाच, आणि ते मुंबईला आले ते ह्या संघामुळे. २००७ साली तो आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकस्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. २००९-१० चा हंगाम संपला आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा हा संघ विसर्जित झाला.

इतके वाचून वाचकाच्या मनात जो प्रश्न उठतो, त्याला तक्त्यात उत्तर नाही. ज्या संघाने २००८ साली ड्युरँड आणि शील्ड हे दोन्ही मान मिळविले, तो दोन वर्षांत नाहीसा कसा होतो? हरणारा संघ बंद पडला तर कारण शोधावे लागत नाही. जिंकणारा संघ बंद पडतो तेव्हा कारण मैदानावर सापडत नाही. ते मैदानाबाहेर शोधावे लागते. संघाचा इतिहास लिहिणाऱ्याने चार प्रश्न विचारले पाहिजेत असे आम्हांला वाटते : संघ कोणाचा होता? त्यात कोण खेळत होते? त्याला पाहायला कोण येत होते? आणि तो गेल्यावर कोण रडले? ह्या चार प्रश्नांवर आजवरच्या लेखनाची पारख करावी.

पहिला प्रश्न मालकीचा. त्याचे उत्तर संघाच्या नावातच आहे. ह्या उद्योगाचा जन्म १९४५ साली लुधियान्याला झाला. जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मुहंमद असे तिघे संस्थापक, म्हणून नाव होते महिंद्र आणि मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मुहंमद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीच्या नावातील दुसरा शब्द बदलून महिंद्र आणि महिंद्र असे झाले. मुंबईत कंपनीने जीप गाड्यांची जुळणी सुरू केली. म्हणूनच पुढे वृत्तपत्रे ह्या संघातील खेळाडूंना ‘जीपमेन’ म्हणू लागली. देशाच्या नव्या सीमेने कंपनीचे नाव ठरविले आणि कंपनीच्या नावाने संघाचे.

दुसरी एक सीमा आपल्या अधिक ओळखीची. कांदिवली, बोरिवली, दहिसर हा पट्टा १९५७ साली बृहन्मुंबईत आला. दहिसर आणि मुलुंड ही महानगराची नवी वेस ठरली. त्यानंतर पाचच वर्षांनी हा संघ स्थापन झाला. कंपनीचा मोठा कारखाना कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर. ह्या पट्ट्यातील जुनी गावठाणे ईस्ट इंडियनांची, शेजारी कोळीवाडे, मग गोमंतकातून आलेली, मंगळूरहून आलेली, केरळातून आलेली कुटुंबे. घरात एक बोली, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी, मिस्साबलिदानात चौथी, अशी ही वस्ती. कारखान्याचा भोंगा आणि चर्चची घंटा ह्या दोन आवाजांवर तिचा दिवस चालत असे. शहराच्या कडेला असणाऱ्या अशा वस्तीला आपले म्हणून मिरविण्यासाठी एखादी गोष्ट हवी असते. विजेता फुटबॉल संघ ही अशी गोष्ट होऊ शकली असती.

पण संघाचे नाव वाचा : महिंद्रा युनायटेड. त्यात कांदिवली नाही, बोरिवली नाही, मुंबईही नाही. ‘युनायटेड’ म्हणजे एकत्र आलेले. पण कोण एकत्र आले? इंग्लंडमध्ये हा शब्द गावाच्या नावानंतर येतो आणि गाव एक झाल्याची ग्वाही देतो. येथे तो कंपनीच्या नावानंतर आला. जर्सीवर ज्याचे नाव नसते त्याला ती जर्सी आपली वाटण्यासाठी फार मोठे प्रेम असावे लागते. असे प्रेम काही थोड्यांचे होते. परंतु संघाचे आयुष्य त्यांच्यावर अवलंबून नव्हते.

दुसरा प्रश्न : खेळत कोण होते? भारतीय फुटबॉलच्या इंग्रजीतील इतिहासग्रंथांचा येथे विचार करावा लागतो. बोरिया मजुमदार आणि कौशिक बंद्योपाध्याय ह्यांनी २००६ च्या सुमारास ह्या खेळाचा सामाजिक इतिहास सिद्ध केला. नोवी कपाडिया ह्यांचा मोठा ग्रंथ २०१७ साली आला. २०२१ साली निवर्तलेले कपाडिया ह्यांनी आयुष्यभर हा खेळ डोळसपणे पाहिला होता आणि त्यांच्या परिश्रमांविषयी आम्हांला आदर आहे. अशा राष्ट्रीय इतिहासांचा कणा मात्र ठरलेला असतो. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून शील्ड जिंकली. अनवाणी पायांनी बुटांवर मिळविलेला तो विजय स्वातंत्र्याच्या आकांक्षेचे प्रतीक झाला. मग हैदराबादचे रहीमसाहेब, १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके, मग उतार. ही कथा भव्य आहे. पण तिच्यात कलकत्त्याचे फुटबॉल म्हणजे राष्ट्राचे फुटबॉल, असे सूत्र येते आणि मुंबई कडेला राहते.

मुंबईचे फुटबॉल त्या साच्यात बसत नाही, कारण त्याच्या मुळाशी राष्ट्रभावना नव्हती, नोकरी होती. टाटा, कालटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया हे संघ म्हणजे रोजगाराची दारे होती. कालटेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला, ही बातमी खेळाच्या पानावर आली असेल. पण कालटेक्सकडून खेळणाऱ्या मुलाच्या घरी त्याचा अर्थ दरमहा पगार असा होता. टाटा स्पोर्ट्स क्लबचे नेव्हिल डिसोझा ह्यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकून उपान्त्य फेरीत गेला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. ह्या पराक्रमाला राष्ट्रीय इतिहासात स्थान आहे. पण गोमंतकात जन्मलेला, मुंबईत वाढलेला हा तरुण एका कंपनीच्या संघात होता, ह्या साध्या गोष्टीत मुंबईच्या फुटबॉलची सारी व्यवस्था दडलेली आहे, ती कोणी उकलून सांगत नाही.

ही व्यवस्था अशी होती. शाळेच्या किंवा चर्चच्या पटांगणात मुलगा खेळू लागे. कोणी फादर, कोणी शिक्षक, कोणी शेजारचा जुना खेळाडू त्याला हेरी. धर्मग्रामांतील स्पर्धांत त्याचे नाव होई. मग एखाद्या कंपनीच्या संघाकडून बोलावणे येई, आणि त्याबरोबर नोकरीचे पत्र. सकाळी सराव, दुपारी कामाची हजेरी, हंगामात सामने, आणि खेळ संपल्यावर निवृत्तीपर्यंत खुर्ची. त्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली, गावठाणातल्या कौलारू घरावर स्लॅब पडला. डॉन बॉस्को ह्यांनी खेळाला शिक्षणाचे अंग मानले होते. आपल्या उपनगरांत तो संसाराचेही अंग झाला. महिंद्र संघाचा आरंभीचा काळ ह्या व्यवस्थेतला आहे. त्या काळाचा इतिहास क्रीडा-इतिहासाइतकाच कामगार-इतिहासही ठरतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईची औद्योगिक घडी विसकटत गेली, तसा ह्या संघांचा पायाही ढासळला. ज्या ग्रंथात गिरणी, कारखाना आणि भरतीचे पत्र ह्यांना जागा नाही, त्याला मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास म्हणणे आम्हांला कठीण जाते.

१९९६ नंतर चित्र पालटले. राष्ट्रीय लीग आली, करार आले, परदेशी खेळाडू आले. महिंद्रा युनायटेडच्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, स्वतः एके काळचे भारताचे बचावपटू. संघात ब्राझीलचा होजे रामिरेझ बरेटो होता, घानाचा युसिफ याकुबू होता, बंगळूरचा एस. वेंकटेश होता, मुंबईचा स्टीवन डायस होता. खेळ निःसंशय सुधारला. पण कारखान्याशी असलेली नाळ सैल झाली. पूर्वी शेजारच्या खात्यात काम करणारा सहकारी रविवारी मैदानावर दिसे; आता मैदानावर दिसणारा खेळाडू कारखान्यात कधी दिसत नसे. कामगाराचा संघ कंपनीच्या प्रसिद्धीचा संघ झाला. ह्यात दोष कोणा एकाचा नव्हता. खेळ बदलला तशी गरज बदलली. मात्र ज्या क्षणी संघ प्रसिद्धीसाठी आहे असे ठरले, त्या क्षणी तो खर्चाच्या रकान्यात गेला, आणि खर्चाच्या रकान्यातील गोष्टींचे दरवर्षी पुनर्विलोकन होत असते.

तिसरा प्रश्न प्रेक्षकांचा, आणि आमच्या मते निर्णायक. संघाचे मैदान होते कूपरेज, म्हणजे मुंबईचे दक्षिण टोक. कांदिवलीहून चर्चगेटला जायचे तर सुमारे तीस किलोमीटरचा लोकल प्रवास, तेथून पुढे पायी किंवा बसने. सामने बहुधा दुपारी. शाळकरी मुलाला आणि पाळीवर जाणाऱ्या कामगाराला हे परवडणारे नव्हते. दक्षिण मुंबईत कार्यालये होती, पण कार्यालयातला माणूस सुटला की घराकडे उत्तरेला धावतो. जेथे माणसे राहत होती तेथे सामने नव्हते, आणि जेथे सामने होते तेथे माणसे राहत नव्हती. अंधेरीला १९८८ पासून मोठे क्रीडा संकुल उभे होते. तेथे नियमाने लीग फुटबॉल आले ते २०१६ पासून, मुंबई सिटी ह्या दुसऱ्याच संघाबरोबर, म्हणजे महिंद्रा युनायटेड बंद पडून सहा वर्षे झाल्यावर. त्या संकुलात उपनगरांतील मुले आईबापांसह येताना आपण पाहिली आहेत. प्रेक्षक नव्हते, हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे आहे. प्रेक्षक होते, त्यांच्या वाटेवर संघ नव्हता.

येथे तुलना उपयोगी पडते. कलकत्त्यात १९२० साली ईस्ट बेंगॉल हा क्लब निघाला. फाळणीनंतर पूर्व बंगालातून उखडून आलेल्या निर्वासितांनी त्याला आपला मानला. सीमेपलीकडे राहिलेले घर, नदी, बोली हे सारे त्यांना त्या लाल-सोनेरी जर्सीत दिसे. ह्या क्लबावर आर्थिक संकटे अनेकदा आली, पुरस्कर्ते आले आणि गेले, पण क्लब बंद करण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. कारण तो बंद करणे म्हणजे लक्षावधी लोकांचे उरलेसुरले गाव पुसणे होते. महिंद्राच्या नावामागेही फाळणीची रेषा होती, हे आपण पाहिले. पण ती कंपनीच्या कागदपत्रांत राहिली, लोकांच्या मनात उतरली नाही.

कंपनीचा संघ लोकांचा होऊच शकत नाही, असे कोणी म्हणेल तर इतिहास त्याला दुजोरा देत नाही. लंडनच्या पूर्व भागात थेम्स आयर्नवर्क्स नावाचा जहाजबांधणीचा कारखाना होता. १८९५ साली तेथील कामगारांचा फुटबॉल संघ निघाला. १९०० साली तो संघ कारखान्यापासून वेगळा झाला आणि त्याने वस्तीचे नाव घेतले : वेस्ट हॅम युनायटेड. कारखाना १९१२ साली बंद पडला. संघ आजही आहे, आणि त्याच्या बोधचिन्हावर जहाज-कामगारांचे दोन हातोडे आहेत. मँचेस्टरजवळच्या न्यूटन हीथ येथील रेल्वे डब्यांच्या कारखान्यात १८७८ साली निघालेल्या कामगार संघाने १९०२ साली शहराचे नाव घेतले. तोच आजचा मँचेस्टर युनायटेड. तिकडे कारखाने गेले आणि संघ राहिले. आपल्याकडे कारखाना राहिला आणि संघ गेला. दोहोंतला फरक पैशाचा नाही. त्या संघांनी वेळीच वस्तीचे नाव घेतले आणि वस्तीने त्यांचा भार घेतला. आपल्याकडे ह्यांपैकी एकही गोष्ट घडली नाही.

आपल्या वाचकांना ग्लासगोचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. १८८७ साली ब्रदर वॉलफ्रिड ह्या मारिस्ट बंधूंनी शहराच्या पूर्व भागातील गरीब आयरिश कुटुंबांच्या मुलांना जेवण मिळावे म्हणून सेल्टिक हा क्लब काढला. तिकिटांच्या पैशांतून भोजनगृह चालावे, ही कल्पना. उपाशी मुलांच्या ताटापासून सुरू झालेला तो क्लब आज युरोपात नावाजलेला आहे. फुटबॉल क्लब हा धर्मग्रामाच्या चिंतेचा विषय असू शकतो, ह्याला ह्याहून दुसरा दाखला नको.

मुंबईच्या बाबतीत घटनाक्रम बोलका आहे. २००९-१० च्या हंगामात देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये मुंबईचे तीन संघ होते : महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफ. सी. पहिला २०१० साली विसर्जित झाला. दुसऱ्याला परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्यामुळे २०१३ साली लीगबाहेर ठेवण्यात आले. तिसरा २०१६-१७ च्या हंगामात तळाला जाऊन खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि पुढे त्याचाही कारभार आटोपला. सात वर्षांत तिघांपैकी एकही उरला नाही. म्हणजे एका संघाच्या अंताला एका कंपनीचा निर्णय कारण म्हणून पुरा पडत नाही. पंजाबातील जे. सी. टी. २०११ साली गेला, पुण्याचा पुणे एफ. सी. २०१६ साली गेला. ही साथ होती आणि तिचे निदान एका रोग्याला तपासून होत नाही. हळहळीचे लेखन येथेच अपुरे पडते. ते एका कंपनीला दोष देऊन मोकळे होते.

ह्याच काळातील एक माणूस मात्र सर्व धागे जोडून देतो. खालिद जमील हे महिंद्राकडून खेळले, एअर इंडियाकडून खेळले आणि मुंबई एफ. सी. चे अनेक वर्षे प्रशिक्षक होते. २०१६ साली ते मुंबई सोडून मिझोरमच्या आयझॉल एफ. सी. कडे गेले. म्यानमारच्या सीमेला लागून असलेल्या त्या डोंगराळ राज्यातील हा क्लब आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता आणि गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा संधी मिळाली होती. त्याच २०१६-१७ च्या हंगामात आयझॉल लीगचा विजेता ठरला आणि मुंबई एफ. सी. शेवटचा. २०२५ साली जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबईत शिकलेली विद्या देशाच्या एका टोकाला जाऊन फळली. तेथे पैसा कमी होता. पण शहर संघाचे होते आणि संघ शहराचा. सीमेवर असणे हा दुबळेपणा नव्हे, हे आयझॉलने दाखविले. आपलेपणा नसणे हा दुबळेपणा होय.

चौथा प्रश्न : संघ गेल्यावर कोण रडले? कंपनीने विसर्जनाचा निर्णय जाहीर करताना सांगितले की, ह्यापुढे शालेय पातळीवरील मुलांच्या फुटबॉलवर भर दिला जाईल. ह्या कारणाची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. मुळाला पाणी घालावे, हा विचार चुकीचा नाही; आणि ज्या संस्थेने अठ्ठेचाळीस वर्षे संघ सांभाळला तिच्याविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु मुळाला पाणी घालण्यासाठी झाड तोडावे लागते काय? शाळेत खेळणाऱ्या मुलाला पुढे कोठे जायचे, हे दिसावे लागते. शिडीच्या खालच्या पायऱ्या दुरुस्त करून वरची काढून घेतली, तर मूल चढेल कोठे? आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी गुणी मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी बूट बाजूला ठेवतात, ती आळशी आहेत म्हणून नव्हे. पुढे काय, ह्या आईच्या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नसते. एके काळी ते उत्तर नोकरीच्या पत्राच्या रूपाने येत असे.

असो. दोष इतरांच्या पदरात टाकून हा लेख संपविणे सोपे होते. पण परीक्षण आपल्या घरापर्यंत यायला हवे. आपल्या धर्मग्रामांच्या रौप्य, सुवर्ण आणि हीरक महोत्सवांच्या स्मरणिका चाळून पाहाव्यात. त्यांत धर्मगुरूंची नामावळी असते, इमारतनिधीच्या देणगीदारांची यादी असते, जाहिराती असतात. फुटबॉल संघाचे असलेच तर एक समूहछायाचित्र असते, आणि त्याखाली नावे नसतात. ‘आमचा विजयी संघ’ एवढीच ओळ. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा तरुण पुढे कोणत्या कंपनीच्या संघात गेला, त्याच्या गुडघ्याला दुखापत कधी झाली, त्याची नोकरी टिकली की गेली, ह्याचा पत्ता नसतो. इंग्रजी इतिहासकारांनी मुंबईला कडेला टाकले ही आमची तक्रार खरी. पण आपण आपल्या मुलांना आपल्याच स्मरणिकेत निनावी ठेवले, हेही तितकेच खरे. वाङ्‌मयप्रकार म्हणून स्मरणिकेकडे आपण गांभीर्याने पाहिले नाही. ती आभारप्रदर्शनाचे साधन झाली. स्मरणाचे काम राहून गेले.

विसर्जित संघाचा इतिहास लिहिण्याची जबाबदारी म्हणूनच कोणा दूरच्या विद्वानावर सोपविता येणार नाही. कंपनीच्या दप्तरात आकडे मिळतील, वृत्तपत्रांच्या संग्रहात निकाल मिळतील. परंतु सामन्याच्या दिवशी कामाची पाळी कोणी बदलून दिली, परगावच्या सामन्याला जाताना डब्यात काय होते, संघ बंद झाल्याची बातमी घरी कोणी वाचून दाखविली, ह्या गोष्टी फक्त घरांत मिळतील. ज्यांनी साठ आणि सत्तरच्या दशकांत ही मैदाने गाजविली, त्यांतले अनेक जण आज ऐंशीच्या घरात आहेत किंवा देवाघरी गेले आहेत. दर वर्षी मृतांच्या स्मरणदिनी जी नावे वेदीपुढे वाचली जातात, त्यांत ह्या इतिहासाचे साक्षीदार असतात. नाव वाचले जाते. साक्ष मात्र नोंदविली गेलेली नसते.

ह्यासाठी मोठ्या प्रकल्पाची गरज नाही. प्रत्येक धर्मग्रामातील दोन-तीन तरुणांनी आपल्या वस्तीतील जुन्या खेळाडूंकडे जावे, त्यांच्या घरच्या बायकांशीही बोलावे, कारण जर्सी कोणी धुतल्या आणि पैशांची तोंडमिळवणी कोणी केली हे त्याच सांगू शकतील. छायाचित्रांच्या मागे नावे, साल आणि मैदान लिहून ठेवावे. जे ऐकले ते शोभा न आणता लिहावे. विजयांबरोबर पराभव, भांडणे, हुकलेल्या नोकऱ्या हेही लिहावे. केवळ गौरव असलेला इतिहास नातवंडे वाचत नाहीत. आणि हे सारे मराठीत लिहावे, कारण महिंद्रा, टाटा, कालटेक्स ह्यांच्या कहाण्या ज्या आवाजांत सांगितल्या गेल्या, त्यांत आपल्या बोलीचाही आवाज होता.

संघ परत येणार नाही, आणि तो परत यावा म्हणून कोणी लिहूही नये. लिहावयाचे ते अशासाठी की पुढे कधी ह्या उपनगरांत नवा क्लब निघालाच, तर त्याच्या चालकांना आधीचा क्लब कशामुळे टिकला नाही हे ठाऊक असावे : त्याच्या नावात वस्ती नव्हती, त्याचे मैदान वस्तीपासून दूर होते आणि त्याच्या हिशेबात वस्तीचा एक पैसाही नव्हता. ह्या तीन गोष्टी कोणत्याही विजेतेपदाच्या तक्त्यात लिहिलेल्या सापडत नाहीत. त्या आपणच लिहून ठेवल्या पाहिजेत.